अण्णांचं पत्र

मध्यस्थ या प्राण्याचा आमच्या घरमालकांइतका द्वेष जगात दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला वाटत नाही. मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि मल्लेश्वरममध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, मराठीत कन्नड मुरलेलं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. दोघांच्या भांडणात तिसरा पडला की भांडण तिघांचं होतं, हा त्यांचा सिद्धांत. मुलीचं लग्न त्यांनी एकट्यानं मुलाच्या घरी जाऊन, "मुलगी आहे, बघायला या," असं सांगून जमवलं होतं. क्रिकेटमध्ये तिसरा पंच आला आणि त्यांनी सामने पाहणं सोडलं. शेजारचा भाडेकरू आणि मी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडू लागलो की ते शांतपणे खिडकी लावून घेत. आठ दिवसांत मिटेल म्हणाले होते. आठ महिने लागले.

देशांच्या बाबतीत तर विचारूच नका. काश्मीरवर बाहेरचं कुणी बोललं की त्यांची सकाळची कॉफी निवून जायची. त्यांच्याबरोबर फिरायला येणारे एक निवृत्त प्राध्यापक एकदा म्हणाले, की बाहेरचा देश मध्ये असला तर माघार घेणाऱ्याला लाज कमी वाटते. झालं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा बागेला उलट्या दिशेनं फेऱ्या घालू लागले. त्यामुळे दोघं प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर येत आणि दोनदा न बोलता जात.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं. अण्णांचा मुलगा फौजेत होता. आमची तुकडी वर निघालीय, एवढा त्याचा फोन आला आणि मग काहीच नाही. अण्णा रेडिओ कानाला लावून बसू लागले. बातम्यांत शिखराचं नाव आलं की नकाशावर शोधायचे आणि सापडलं की नकाशा घडी करून ठेवायचे. गल्लीत जीप थांबली तर मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचे. फोन वाजला तरी घरात कुणी उठेना. तो उचलण्यासाठी अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला वरून हाक मारायच्या. दर वेळी कुणा नातेवाइकाचा चौकशीचा फोन असायचा. मी नुसती मान हलवायचो, तेव्हा कुठे अक्का भिंतीचा आधार सोडायच्या.

एका रविवारी सकाळी अण्णा स्वतः जिना चढून वर आले. माझ्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, एक पत्र टाईप करून हवंय, इंग्लिशमध्ये. कुणाला, तर एखाद्या लहान, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा देशाच्या वकिलातीला. मजकूर असा, की आपण मध्ये पडावं आणि हे थांबवावं. मी कॉम्प्युटर सुरू केला.

"बाहेरच्यानं मध्ये पडू नये, हे माझं मत आहे," ते म्हणाले. "ते बदललेलं नाही. पण माझा मुलगा तिथं आहे."

पत्ता दोघांनाही ठाऊक नव्हता. तो प्राध्यापकांकडे असणार, हेही दोघांना ठाऊक होतं. टाईप केलेलं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, एक नाही तर चार वकिलातींचे पत्ते लिहून दिले आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाले. अण्णांच्या समोरच्या खुर्चीवर बसून म्हणाले, "अक्का, स्वल्प कॉफी." चारही पत्रं पोस्टात पडली आणि त्या दिवसापासून ते रोज येऊन बसत.

जुलैत बातमी आली, की शेजारी देशाचे पंतप्रधान एका बड्या देशात जाऊन आले आणि त्यांचं सैन्य मागे सरकणार. पोरांनी शिखरं घेतली म्हणून, अण्णा म्हणाले. प्राध्यापकांनी "सरी", म्हणजे बरोबर, म्हणून मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाद घातला नाही. भीती मात्र तशीच होती. नंतर दहा दिवसांनी मी फोन उचलला, तर पलीकडून खरखरीतून आवाज आला, "अण्णा आहेत का? मी बोलतोय." मी रिसीव्हर अक्कांच्या हातात दिला.

दसऱ्याला तो रजेवर आला. स्टेशनवर मीही गेलो होतो. डावा पाय जरा ओढत तो उतरला. बर्फानं दोन बोटं नेली होती. अण्णांनी लढाईचं काही विचारलं नाही. लहान मुलाला रस्ता ओलांडून देताना धरतात तसं त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि रिक्षात बसल्यावरही सोडलं नाही. तीस वर्षांचा तो कॅप्टन रिक्षाबाहेर बघत राहिला आणि त्यानंही हात सोडवून घेतला नाही.