राक्षसाच्या दाराची सात कुलपं

कुलूपवाले काका लोकांची अडलेली दारं उघडत आणि दुपारी दुकानात बसून जादूची कादंबरी लिहीत. पण तीन महिने त्यांचं घोडं अडलं होतं. राक्षसाच्या दाराला त्यांनी हौसेनं सात मंतरलेली कुलपं घातली आणि आता राजकन्येलाच आत शिरता येईना! मंत्र झाले, तलवार झाली.

शेवटी बायको वैतागली. "अहो, गिऱ्हाईकाकडे गेल्यावर तुम्ही आधी काय करता?"

"दार ढकलून बघतो. निम्म्या वेळा कुलूप लागलेलंच नसतं."

बोलता बोलता काका थांबले, मग हसत सुटले. छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी वही ओढली.

राजकन्येनं दार ढकललं. ते उघडलं. आत राक्षस ओशाळून उभा होता. "किल्ल्या कधीच हरवल्या, बाई. कुलपं नुसती दाखवायला."