कोलूच्या पायऱ्यांखाली

माझ्या अक्काच्या घरात एकही छत्री धड नव्हती. कापड असे, मूठ असे, पण काड्या नसत. काड्या भावजींच्या हत्तीच्या मानेत असत, नाचऱ्या बाहुलीच्या कमरेत असत, नाहीतर पोराला छडी मारणाऱ्या पंतोजींच्या हातात असत. आमच्या तंजावुरात मोठा पाऊस नवरात्राच्या आगेमागे सुरू होतो आणि नेमक्या त्याच दिवसांत भावजींना काड्या कमी पडत. मग सगळं घर भिजत हिंडे आणि हत्ती कोरडा बसून मान डोलवी.

भावजी म्हणजे सेतुमाधवराव, सरकारी कचेरीतले कारकून. मी सरोजा, त्यांच्या बायकोची, म्हणजे नागलक्ष्मीची, धाकटी बहीण. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर होती. त्यामुळे त्या घरातलं माझ्यापासून काही लपत नसे आणि लपलंच तर मी जाऊन बघून येई.

नवरात्रात पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्यांची आरास करतात, तो कोलू. तमिळ शेजाऱ्यांकडे असतो तसा आम्हा मराठी घरांतूनही असतो. लोकांच्या बाहुल्या मुकाट बसतात, भावजींच्या मात्र हलत. पंचावन्न सालाच्या सुमारास त्यांनी पहिला हत्ती डोलवला, आजूबाजूच्या बायका ‘अय्यो!’ म्हणाल्या आणि त्या एका ‘अय्यो’पायी हा माणूस संसारातून उठला. कचेरीतून आले की अंगरखा खुंटीला आणि हातोडी हातात. शिंप्याकडून रिकामी रिळं मागून आणायची, कागदाचा लगदा भिजवायचा, अक्काच्या चोळीची बटणं काढून हत्तीला डोळे लावायचे. नऊ दिवसांच्या कोलूला उरलेलं सगळं वर्ष पुरत नसे.

माणूस सुखी होता, हे मी मानते. पानात मीठ नाही पडलं तरी त्यांना कळत नसे. कधी आवाज चढवला नाही, कुणाची उणीदुणी काढली नाहीत, बढती हुकली तेव्हा ‘बरं झालं, वेळ मिळेल’ म्हणाले. अक्का मला म्हणे, “सरोजा, भांडायला तरी घरी कोणी पाहिजे की गे!”

आणि या सुखाचं चाक फिरवी भुवनेश्वरी, त्यांची एकुलती एक मुलगी. चाक मी खरोखरीचं म्हणते आहे. पायऱ्यांखाली जुन्या सायकलीचं चाक आडवं बसवलेलं होतं, त्याला दांडा होता आणि तिथून सुतळ्यांचं जाळं वर प्रत्येक बाहुलीपर्यंत गेलेलं होतं. भुवना लहान होती म्हणून तिथं मावायची, तेव्हा तिला बसवली. पुढं ती मोठी झाली, पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. गुडघे हनुवटीला लावून बसे बिचारी. पाहुणे आले की तिनं आत शिरायचं, वरून कापड सोडायचं आणि भावजींनी बाहेर उभं राहून छडीनं एकेक बाहुली दाखवायची. दांडा कधी संथ आणि कधी जोरात फिरवायचा हे भुवनालाच ठाऊक होतं.

एकसष्ट साली भुवना लग्नाची झाली आणि मी कुंभकोणमच्या चंद्रमतीबाईंचं स्थळ काढलं. मुलगा जयतीर्थ, रेल्वेत नोकरी, स्वभावानं गरीब. आता आमच्यात एक सोयीची रीत आहे. मुलगी बघायला म्हणून आलं आणि नकार दिला, तर मुलीच्या नावाची चर्चा होते. म्हणून मुलाकडच्या बायका नवरात्रात ‘कोलू बघायला’ येतात. मुलगी बाहुल्यांपुढं एक पद म्हणते, हळदकुंकू देते, सुंडल, म्हणजे चण्याची उसळ, हातावर ठेवते. पसंत पडली तर दसऱ्यानंतर निरोप येतो. नाही पडली तर कुणी काही बोलायचं नाही. त्या कोलू बघायला आल्या होत्या, बघून गेल्या. हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

मी भावजींना डोळे मोठे करून सांगितलं, “चंद्रमतीबाई कुंभकोणमहून आपला कोलू बघायला येताहेत.”

“कुंभकोणमपर्यंत नाव गेलं?” भावजी म्हणाले आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. मला वाटलं, मुलगी जाणार म्हणून भरून आलं. त्याच दिवशी त्यांनी उरलेली एक छत्री मोडली आणि टेकडी चढणारा रथ करायला घेतला.

ठरल्या संध्याकाळी अक्कानं भुवनाला मोरपिशी रेशमी साडी नेसवली, वेणीत भरघोस मोगरा माळला. मी स्वयंपाकघरात सुंडलला फोडणी देत होते. बाहेर जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्याची घुंगरं वाजली. फोडणी उतरवून ओसरीवर येते तर चंद्रमतीबाई आणि त्यांची जाऊ चटईवर बसलेल्या, अक्का भिंतीला चिकटलेली आणि मुलगी नाही. हत्ती डोलत होता, तेव्हाच मी ओळखलं.

भावजींनी छडी उचलली. हत्ती झाला, पंतोजी झाले, कांडण करणारी बाई झाली. चंद्रमतीबाई मान हलवत होत्या आणि दाराकडं बघत होत्या.

“मुलगी गाते म्हणे?” त्यांनी विचारलं.

“गाते की! पण आधी रथ बघा मामी. आता चढेल.”

“कुठं आहे ती?”

“खाली बसलीय. आता बाहेर काढली तर रथ अर्ध्यात राहील.”

चंद्रमतीबाईंनी जावेकडं बघितलं. आपल्याला मुलगी दाखवायची नाही, म्हणून हा बाहुल्यांचा बहाणा चालला आहे, असं त्यांना वाटलं असावं. “सरी, बरं, निघतो आम्ही,” म्हणून त्या उठल्या. अक्कानं पदर तोंडाला लावला. जुळत आलेलं स्थळ उंबरठा ओलांडून चाललं होतं आणि तो माणूस त्यांना टेकडी कशाची केली ते सांगत होता. माझं डोकं फिरलं.

“भावजी, पोदुम! पुरे झालं!” मी ओरडले. “त्या बाहुल्या बघायला नाही आल्या! मुलगी बघायला आल्यात!”

जे कधी कुणी बोलत नाही ते मी बोलून बसले. पंतोजींची छडी वरच थांबली, कारण आत भुवनानंही ऐकलं. भावजींनी चंद्रमतीबाईंना अगदी हळू आवाजात विचारलं, “कोलू बघायला नव्हता आलात?”

त्या बाईचं भलं होवो. “तोही बघायचाच होता,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

भावजींनी छडी भिंतीला टेकवली, कोरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि कापड वर केलं. “भुवना, बाहेर ये बाळ. मी फिरवतो.”

भुवना बाहेर आली. घामानं निथळलेली, मोगऱ्यात कोळिष्टक, तळवे तेलानं काळे आणि त्या तळव्यांचे ठसे मोरपिशी साडीवर. तशीच बसली आणि गायला लागली. आवाज गोड होता, पण लक्ष कुणाचं लागणार? पायऱ्यांखाली भावजी जन्मात पहिल्यांदा बसले होते. पंतोजी पोराला बदडून काढायला लागले, हत्ती वेड्यासारखा नमस्कार घालू लागला, रथ टेकडीवरून घसरला तो थेट चंद्रमतीबाईंच्या मांडीत येऊन पडला. आतून आवाज आला, “नागू, इथं केवढं उकडतंय गे!”

चंद्रमतीबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दसऱ्याची वाट न बघता म्हणाल्या, “मुलगी आम्हांला पसंत आहे. आमचा जयतीर्थ घरातले सगळे रेडिओ उघडून बसतो. नादिष्ट माणसाबरोबर कसं राहायचं, हे हिला शिकवावं लागणार नाही.” ते ऐकून अक्कानं कपाळाला हात लावला, पण लग्न वैशाखात झालं.

पुढच्या नवरात्रात भुवना माहेरी आली. दुसरं कोण होतं आत बसायला? भावजी बसले. छडी अक्काच्या हातात आली आणि माझी अक्का, जी वर्षानुवर्षं भिंतीला चिकटून उभी राहिली, ती पाहुण्यांना हत्ती दाखवताना हातभर पुढं सरकून बोलत होती.

भुवना पाहुण्यांत चटईवर बसली. हत्ती डोलला, नाचरी बाहुली फिरली, कांडणारीनं मुसळ उचललं. भुवना तोंडाला हात लावून बघत होती. एवढी का बघते, म्हणून मी नवल करत होते आणि मग माझ्या ध्यानात आलं. तिनं हा कोलू हलताना कधी बघितलाच नव्हता. सगळ्या तंजावुराला तिनं तो दाखवला होता. मला भावजींचा असा राग आला की कापड ओढून दोन शब्द सुनवावेत.

तेवढ्यात रथ टेकडीच्या मध्यावर अडकला. हिसके देऊ लागला, पुढं जाईना.

“भुवना,” पायऱ्यांखालून धापा टाकत भावजींनी विचारलं, “रथ चढला का गे?”

भुवना उठली. रडत होती की हसत होती मला कळलं नाही. तिनं एका बोटानं रथ वर ढकलला, शिखरावर नीट बसवला आणि पुन्हा चटईवर येऊन बसली.

“चढला, अप्पा,” ती म्हणाली.