धुतलेली साडी

मंडळी, आज सकाळी आमच्या नेरे गावात भिकाऱ्यांवरच्या सिनेमाचं शूटिंग झालं, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर. माणसं जमवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या पायरीवर सखूमावशी कित्येक वर्षं बसतात, भिक्षेवर जगतात. म्हणून कालच त्यांना सांगून ठेवलं होतं, "मावशी, उद्या तुमीच पायजे."

आज त्या अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, केस विंचरून आल्या. "पिक्चरमधी दिसायचं म्हनल्यावर घाण कसं यायचं?" म्हणाल्या.

दिग्दर्शकाने एकदा बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "या भिकारी वाटत नाहीत. दुसरं कुणी बघा."

दुसरं कोण, तर माझी चुलती. तिच्या आठ खोल्या आयटीवाल्यांना भाड्याने दिल्यात. तिच्या तोंडाला काजळी फासली, अंगावर मावशींचीच फाटकी गोधडी टाकली. मीच मावशींना म्हणालो, "जरा तिकडं सरका, कॅमेऱ्यात येताय."

त्या सरकल्या. चुलतीने हात पसरून असा काही टाहो फोडला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सिनेमा म्हणे समाजाने बाजूला सारलेल्या माणसांवर आहे.

शूटिंग आटोपल्यावर मावशी गोधडी न्यायला आल्या. "मी कदी हात पसरत न्हाई रं," त्या म्हणाल्या. "नुसती बसतीया. तुला ठावं न्हाई व्हय?"

मी रोज त्या देवळात जातो. मला खरंच माहीत नव्हतं.

तुमच्या देवळापुढे जे कुणी बसतं, ते हात पसरतं का? आत्ता, घरबसल्या, सांगता येईल?