छताकडे बघून खेळणारी मुलगी

टेलरमामाच्या दुकानात बुद्धिबळाचा पट मांडायला जागाच नव्हती. कापायच्या टेबलावर कायम कुणाची तरी पँट आडवी पडलेली आणि खुर्चीवर अस्तराच्या कापडाचा ढीग. म्हणून बहिणीच्या मुलीला त्याने पटाशिवायच शिकवलं. मशीन चालवता चालवता तो म्हणायचा, "घोडा एफ तीन," आणि ती कोपऱ्यातल्या स्टुलावरून उत्तर द्यायची, छताकडे बघत. दुकानात छत तेवढं मोकळं होतं, तोच तिचा पट.

मामाचा स्वभाव चिकाटीचा. शिवण वाकडी गेली तर इस्त्रीने दाबून द्यायची नाही, उसवून पुन्हा घालायची. डावाचंही तेच. चुकीची खेळी झाली की पहिल्यापासून. भाची रडायची, फुरंगटून बसायची, पण पुन्हा सुरुवात करायची. अशी आठ वर्षं गेली आणि पोरगी चौदाव्या वर्षी जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघाच्या निवड स्पर्धेत उतरली. सहा डाव होते. पहिल्या पाचपैकी पाच तिने जिंकले.

पाचव्या डावानंतर पंचांनी मामा-भाचीला आत बोलावलं. टेबलावर संगणकाने काढलेला अहवाल होता. मुलीच्या खेळ्या यंत्राच्या खेळ्यांशी फारच जुळतात, असं त्यात होतं. शिवाय हरलेल्या मुलाच्या वडिलांची तक्रार होती की ही सारखी वर बघते, वरून कुणीतरी खुणा करत असणार. मग एका बाईंनी तिच्या केसांतल्या पिना काढल्या, कानातले काढले, चष्मा उजेडात धरून पाहिला. काही म्हणजे काही सापडलं नाही. तरी पाचवा डाव रद्द झाला तो झालाच.

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणार नाही तर काय? माणसांनीच या यंत्राला खेळायला शिकवलं, माणसांचेच लाखो डाव त्याला भरवले, आणि आता पोरीला किती चांगलं खेळता येतं हे तेच सांगणार! चोरी सापडत नाही, पण हुशारी सापडली, एवढ्यावर शिक्षा. मामा म्हणाला, आत्ता इथे तिचे डोळे बांधा, भिंतीकडे तोंड करून बसवा आणि कुणालाही खेळवा. पंच म्हणाले, नियमात तशी सोय नाही.

पंच माणूस वाईट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. त्यांनी मामाला दाराशी गाठून हळूच सल्ला दिला. "तिला सांगा, नजर पटावर ठेव. आणि अधूनमधून एखादी खेळी जरा साधीच खेळ. अहवाल स्वच्छ येतो."

"माझ्या दुकानात या, साहेब," मामा म्हणाला. "तुमच्या शर्टाची एक बाही आखूड शिवून देतो. म्हणजे माणसानेच शिवलाय याची तुम्हाला खात्री पटेल."

मामाला वाटलं, बरं सुनावलं. भाची मागेच उभी होती, पिना हातात घेऊन, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा डाव. जिंकली तर संघात, नाहीतर घरी. मामा दोरीपलीकडे उभा राहून बघत होता. विसाव्या खेळीला समोरच्या मुलाचा राजा उघडा पडला. हत्तीचा बळी द्यायचा, तिसऱ्या खेळीत मात. हाच डाव त्यांनी दुकानात कॉलर लावता लावता शंभरदा खेळला होता. भाचीची हनुवटी जराशी वर उचलली गेली. म्हणजे तिला दिसलं होतं. मग तिने मान खाली घातली, हत्ती उचलला आणि आपल्याच प्याद्यामागे नेऊन ठेवला.

दोन तासांनी डाव बरोबरीत सुटला. यादी लागली, तिचं नाव नव्हतं. इतका वेळ मामा मनातल्या मनात ओरडत होता, उसव, पुन्हा घाल. पण ती बाहेर आली तेव्हा त्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

चष्मा नाकावर, पिना जागच्या जागी. कालपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा होता.

"मामा," ती म्हणाली, "आज कुणी काही विचारलं नाही."