हातभर उंचीवरून पाणी

काल नातीनं मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. अमेरिकेतल्या एका भिंतीला दोन नळ होते, एक गोऱ्यांचा आणि एक काळ्यांचा. "आजी, त्या लोकांना दया नव्हती का?" तिनं विचारलं, आणि माझ्या नाकात आसगावच्या धानाच्या बांधीतल्या चिखलाचा वास भरला.

रोवणीचे दिवस होते. आई आणि मी मालकिणीच्या बांधीत धान रोवत होतो. दुपारी पाणी प्यायला बांधीच्या कडेला धुऱ्यावर आलो, तेव्हा मालकिणीचा नागपुरात शिकणारा मुलगा पेपर वाचून दाखवत होता. अमेरिकेत म्हणे काळ्या माणसांचं पाणीसुद्धा वेगळं ठेवतात.

मालकीण हळहळली. "बिचारे. तहानेले का रंग राहते? कसे निर्दयी लोक आहेत बापा." तिचे डोळे खरंच भरून आले होते.

हे बोलताना ती मला पाणी पाजत होती. मी वाकून ओंजळ तोंडाशी धरली होती. आमचा विटाळ होऊ नये म्हणून ती गडवा हातभर उंच धरून धार सोडत होती. पाणी माझ्या कोपरांवरून चिखलात गळत होतं. "अजून पी पोरी, ऊन तपून राहिलं," ती मायेनं म्हणाली. मागे आई ओंजळ करून उभीच होती.

ती बाई दुष्ट असती, तर कधीतरी सुधारेल अशी आशा तरी धरली असती.

नात उत्तराची वाट बघत होती. "दया असन बेटा," मी म्हटलं. "भरपूर असन."