हलका माल

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही: मोझांबिकच्या बंदरात मी चांगल्या काजूबीला हलकी ठरवून खोटी सही केली आहे.

परवा सावंतवाडीच्या दुकानात पाकिटावर ‘अस्सल कोकणी काजू’ वाचलं आणि हात थबकला. त्या दुकानात काजू कुठून येतो, ते मला ठाऊक आहे. त्या दुकानाला काजू पुरवणाऱ्या कारखान्याचे आमचे शेठ ती बी खरेदी करायला मलाच मोझांबिकला पाठवायचे.

तिथला कायदा साधा होता. चांगली बी आधी त्यांच्याच देशातल्या कारखान्यांना, हलकी तेवढी परदेशी. मी पोत्यातून तेवढ्या पोचट बिया वेचून कापून दाखवायचो आणि दाखल्यावर ‘हलका माल’ लिहायचो. बंदरातला सरकारी साहेब न बघता शिक्का मारायचा. एकदा तिथल्या काजू कारखान्यातली मुकादम मार्टा बंदरात आली. तिने त्याच पोत्यातली मूठभर बी फोडली आणि पांढराशुभ्र गर माझ्या तळहातावर ठेवला.

“हा हलका? आमची बी आम्हीच फोडणार. कायदा आमचा आहे.”

मी मान खाली घालून सही केली. पुढच्या हंगामात तिच्या कारखान्याला कुलूप होतं.

तिकडे कसला आलाय कायदा, असं आपण सहज म्हणतो. होता हो कायदा. तो पोखरायला आम्ही समुद्र ओलांडून जात होतो.

“घेवा काकानू, आपल्या मातीतलो काजू,” दुकानदार म्हणाला.

“मोझांबिकच्या मातीतलो,” मी मोठ्याने म्हणालो.

“हळू बोला, गिऱ्हायका आयकतत!”

“आयकांदेत.”

त्या पोत्याचा खरा दाखला मी मार्टाला अजून देणं लागतो.