पटलं म्हणा

इंग्रजी संभाषणाच्या क्लासात सर नव्या बॅचला पहिल्याच दिवशी फळ्यावर एक शब्द लिहून देत, ‘कन्व्हिन्सिंगली’. “म्हणजे समोरच्याला पटेल अशा रीतीने,” असं सांगून लगेच त्याच्या मुळाशी जात. मूळ लॅटिन, अर्थ पुरतं जिंकणं. इंग्रजीत आला तेव्हाही वादात हरवणं, गुन्हा शाबीत करणं असाच त्याचा रोख होता. गोडीगुलाबीने गळी उतरवणं हे मागाहूनचं. हे मागाहूनचं सरांना कधीच रुचलं नाही.

त्यांच्या टेबलावर हॉटेलच्या काउंटरवर असते तशी घंटी असे. वाद हरलेल्याने “पटलं” म्हणायचं आणि ती वाजवायची, हा क्लासचा नियम. सरांपुढे सगळेच वाजवत, कारण प्रमाणपत्रावर सही सरांची. पुढे डोक्यात हवा गेली आणि तसलीच घंटी घरी जेवणाच्या टेबलावर आली. पडद्यांचा रंग, आमटीतलं मीठ, मेव्हण्याचा लबाडपणा, सगळ्याचा निकाल तिथे लागू लागला. बायको तर सरांनी तोंड उघडताच घंटी वाजवून मोकळी व्हायची. सरांना वाटे, बाई समंजस आहे.

मुलगी मात्र हात लावायची नाही. नोकरी सोडून तिने मैत्रिणीबरोबर सुतारकाम सुरू केलं, तेव्हा बापलेकीचं बिनसलं आणि ती घर सोडून गेली. चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी ती जेवायला येणार होती. सरांना ती परत हवी होती, अगदी मनापासून हवी होती. तिच्या खोलीतला दिवा ते रोज संध्याकाळी स्वतः लावत. पण “ये ना गं परत” एवढं म्हणायचं सोडून या शहाण्याने सतरा मुद्दे लिहून काढले.

ती येऊन बसते न बसते तोच कागद उघडला. मिळकत, खोलीचं भाडं, पाठदुखी, लोक काय म्हणतील. ती ऐकत होती. तिच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली सरांना दिसली. “दुखतंय का?” असं न विचारता त्यांनी तोच अठरावा मुद्दा केला.

“बरोबर आहे बाबा तुमचं,” ती म्हणाली. “सगळं पटलं.”

तिने हात लांब करून घंटी वाजवली, आईला मिठी मारली, पिशवी उचलली आणि न जेवताच निघून गेली.

सर उघड्या दाराकडे बघत राहिले. “अगं, पटलं म्हणाली ना ती?”

“म्हणाली की. जिंकलात तुम्ही,” बायको म्हणाली, आणि तिसरं ताट उचलून तिने मांडणीवर परत ठेवलं.